उंच बॉनेटची जीप आणि तिचं हरवलेलं इंजिन

पार्श्वभूमी

शिंदखेडा तालुक्यातल्या एका गावात, खळ्यातल्या पत्र्याखाली, १९६६ सालची महिंद्रा जीप उभी होती. मॉडेल सीजे-३बी. आपल्याकडचे फिटर तिला 'हाय बॉनेट' म्हणतात. मालकांना इथे नाना म्हणू. माणसांची आणि गावाची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, यंत्राचे तपशील आहेत तसेच ठेवले आहेत. माझं धुळ्यात सिलेंडर बोअरिंगचं आणि इंजिनकामाचं वर्कशॉप आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये, दिवाळी आटोपल्यावर, नाना एका जुन्या आरसी पुस्तकाची झेरॉक्स घेऊन माझ्याकडे आले, तिथून हे प्रकरण सुरू झालं.

जीप त्यांच्या वडिलांनी, आबांनी, नवी घेतलेली. पांझरेकाठची कोरडवाहू शेती, कापूस आणि ज्वारी. गावात दुसरी गाडी नव्हती, त्यामुळे बाळंतीण दवाखान्यात न्यायची असो की नवरदेव मिरवायचा असो, हीच जीप. १९७२ च्या दुष्काळात मागे ट्रेलर लावून हिने पाण्याची पिंपं वाहिली. पुढे पेट्रोल परवडेना आणि १९८४ मध्ये आबांनी तिचं पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवलं. त्या काळी जीपमध्ये सर्रास जायचं तेच, ट्रॅक्टरच्या घराण्यातलं २३५० सीसीचं. खानदेशातल्या बहुतेक जुन्या जीपांची हीच कथा आहे. धुळ्याच्या आग्रा रोडला तेव्हा अशी अदलाबदल रोजची होती: सकाळी पेट्रोल जीप गॅरेजात शिरायची आणि चार दिवसांनी धडधडत बाहेर पडायची.

आबा गेल्यावर जीप पंधरा-सोळा वर्षं उभीच राहिली. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी-चारचाकींसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम काढले. नानांच्या पुतण्याने ते वाचून दाखवले आणि घरात विषय निघाला. नियमातली मुख्य अट अशी की वाहन मूळ रूपात असावं, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा. नाना माझ्यासमोर बसून एवढंच बोलले, "मना बापनी जीप शे भो. तिले तिनं इंजिन पाहिजे."

अडचण

आरसी पुस्तकाच्या पहिल्या पानावर मूळ इंजिन नंबर होता आणि इंधनासमोर 'पेट्रोल'. त्यावर लाल शाईची रेघ मारून डिझेल इंजिनाचा नंबर आणि १९८४ चा शिक्का. म्हणजे आबांनी बदल रीतसर नोंदवला होता. हे फार मोलाचं निघालं. अनेक जुन्या जीपांमध्ये कागदावर एक इंजिन असतं आणि बॉनेटखाली दुसरंच, आणि तो गुंता सोडवण्यात यंत्रकामाहून जास्त महिने जातात.

यंत्राच्या बाजूने मात्र बरंच काही कापलं गेलं होतं. डिझेल बसवताना चेसिसवरचे पेट्रोल इंजिनाचे पुढचे माउंट, म्हणजे इंजिन टेकायचे आधार, गॅसने उडवले होते. रेडिएटर पुढे सरकवला होता. बेल हाउसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारं घंटेसारखं कवच) आणि इंजिन यांच्यामध्ये अ‍ॅडॅप्टर प्लेट घातली होती. डिझेलच्या वजनाने पुढचे पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्या, बसले होते आणि पुढच्या क्रॉस मेंबरला, म्हणजे चेसिसच्या आडव्या पट्टीला, तडा होता. गिअरबॉक्स तेवढा मूळचा, टी-९० तीन गिअरचा.

प्रश्न सरळ दिसत होता: मूळ जातीचं पेट्रोल इंजिन कुठून आणायचं? मी आधी त्याच प्रश्नाला हात घातला आणि चुकलो. महिनाभर फोन करत राहिलो. समोरचा विचारायचा, "नेमकं कोणतं हवं?" आणि माझं उत्तर दर फोनला थोडं वेगळं असायचं.

आधी ठरवायची गोष्ट

'त्या काळचं इंजिन' या शब्दांचे निदान तीन अर्थ निघतात. याच जीपमधून निघालेलं, नंबर जुळणारं इंजिन, हा पहिला. कारखान्याने या मॉडेलमध्ये या काळात बसवलेलं, त्याच जातीचं दुसरं इंजिन, हा दुसरा. आणि तिसरा, सैल अर्थ म्हणजे जुनं दिसणारं, विलीज (जीप मुळात बनवणारी अमेरिकी कंपनी) घराण्यातलं कुठलंही पेट्रोल इंजिन. बाजारात तिन्हींना एकच नाव आहे: 'ओरिजिनल'.

सीजे-३बीच्या बाबतीत उत्तर जीपच्या अंगावरच लिहिलेलं आहे. तिचं बॉनेट उंच आहे ते इंजिनामुळे. आधीच्या विलीज जीपांमध्ये एल-१३४ हे 'गो डेव्हिल' इंजिन होतं. त्याचे इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये, हेड म्हणजे नुसतं सपाट झाकण, त्यामुळे इंजिन बुटकं आणि बॉनेट खाली. पुढे विलीजने त्याच ब्लॉकच्या मापावर एफ-१३४ 'हरिकेन' तयार केलं. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच ठेवले, इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नेले आणि त्यांच्यावर ते उघडणारे रॉकर. बोअर (सिलेंडरचा व्यास) ३ १/८ इंच, स्ट्रोक (पिस्टनची चाल) ४ ३/८ इंच, २१९९ सीसी, हे सगळं दोन्हींना सारखंच. पण विलीजच्या आकड्यांप्रमाणे गो डेव्हिलची ताकद ६० हॉर्सपॉवर, हरिकेनची ७२. रॉकर वर गेले तसं इंजिन उंच झालं, जुन्या बॉनेटखाली मावेना, म्हणून १९५३ मध्ये सीजे-३बी आणताना बॉनेट आणि जाळी उंच केली. अमेरिकेत हे मॉडेल १९६८ पर्यंत निघालं. महिंद्राने ते आपल्याकडे त्यानंतरही कितीतरी वर्षं बनवलं, आणि आपल्याला 'जीप' म्हटलं की डोळ्यांपुढे येतो तो हाच चेहरा.

म्हणून या जीपमध्ये गो डेव्हिल घालणं माझ्या लेखी चुकीचं. ते बसेल, चालेल, बॉनेट लावल्यावर कुणाला दिसणारही नाही. पण बॉनेट ज्याच्यासाठी उंच झालं तेच खाली नसेल तर जीर्णोद्धार कशाचा केला? नाना आणि मी एका वहीत लिहून काढलं: पहिली पसंती नंबर जुळणारं इंजिन, ते न मिळाल्यास एफ-१३४, त्याहून खाली उतरायचं नाही. ब्लॉक धड हवा आणि नंबर शाबूत हवा. विकणाऱ्याकडे इंजिन कुठून आलं याचा लेखी पुरावा हवा. ही वही पुढे दोनदा कामाला आली.

घरातला मतभेद

इथे मला थांबावंसं वाटतं, कारण हा निर्णय मला यंत्रापेक्षा जड गेला.

नानांचा मुलगा डिझेल काढायला तयार नव्हता. त्याचं म्हणणं बिनबुडाचं नव्हतं. त्याच्या आठवणीत ही जीप कायम डिझेलच होती. ते इंजिन आजोबांनी स्वतः उभं राहून बसवून घेतलं, अठरा वर्षं पेट्रोल इंजिन होतं आणि त्याच्या दुपटीहून जास्त काळ डिझेल. कारखान्याचं मूळ खरं की घराचं? शेवटी नानांच्या आई बोलल्या. त्या याच जीपमधून नवरीच्या वेशात या घरी आल्या होत्या आणि तेव्हाचा आवाज त्यांना आठवत होता. जीप वेशीत आली तरी गुरं उधळत नसत, असं त्यांनी सांगितलं. त्यांनी कुणाची बाजू घेतली नाही. नुसतं विचारलं, "डिझेलचं इंजिन काढलं तर भंगारात घालणार का?"

या प्रश्नाने तोडगा निघाला. डिझेल इंजिन विकायचं नाही. स्टँड बनवून खळ्यात ठेवायचं, अ‍ॅडॅप्टर प्लेट आणि माउंटसह, म्हणजे उद्या कुणाला परत बसवायचं झालं तर वाट मोकळी. अशा कामात काढलेला भाग लगेच विकून पैसे उभे करायची रीत आहे. ज्यांना शक्य आहे त्यांनी ते टाळावं, असं माझं ठाम मत आहे.

पर्याय

डिझेल तसंच ठेवून जीप चालू करणं सर्वांत स्वस्त होतं. मी अंदाज दिला चाळीस हजारांचा. व्हिंटेज नोंदणीचा विचार मग सोडावा लागला असता.

गो डेव्हिलचा पर्याय अचानक समोर आला. नाशिककडच्या एका संग्राहकाकडे पूर्ण काम केलेलं एल-१३४ होतं, किल्ली मारली की चालू, किंमत पंचावन्न हजार. दोन्ही इंजिनांचं बेल हाउसिंग एकच असल्याने ते या गिअरबॉक्सला थेट जोडलं गेलं असतं. शोधाला चार महिने झाले होते, नाना थकले होते आणि मीही. त्या दिवशी आम्ही वही उघडली आणि नाही म्हणालो.

परदेशातून पूर्ण एफ-१३४ मागवण्याचा विचार एका संध्याकाळपुरता केला. वाहतूक आणि आयात शुल्क धरून आकडा नानांच्या ऐपतीबाहेर जात होता. शिवाय ज्या देशात हे इंजिन कित्येक वर्षं तयार झालं तिथे ते मिळू नये, हे मला पटत नव्हतं.

मग राहिला इथलाच शोध.

शोध

सुरुवात मूळ इंजिनापासून केली. १९८४ मध्ये अदलाबदल करणारं गॅरेज बंद झालं होतं, पण तिथल्या एका वृद्ध मिस्त्रींना भेटलो. त्यांनी नीट आठवून सांगितलं की निघालेली पेट्रोल इंजिनं गॅरेज मजुरीत वळती करून घ्यायचं आणि ढिगाने साठली की ओतकामाच्या भट्टीला जायची. नंबर जुळण्याची आशा तिथे संपली. तरी ही भेट आधी घेतली हे बरं झालं, नानांच्या मनातली रुखरुख गेली.

मग मालेगाव, मुंबईत कुर्ल्याचा भंगार बाजार, आणि ओळखीच्या ट्रकवाल्यांमार्फत दिल्लीचं मायापुरी. धुळ्यात मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन्ही महामार्ग एकमेकांना छेदतात, त्यामुळे इंजिन कुठेही सापडलं तरी परतीच्या गाडीत टाकून आणणं आम्हाला अवघड नव्हतं. अवघड होतं ते सापडलेलं इंजिन खरं काय आहे हे कळणं.

कुर्ल्यात एक एफ-१३४ मिळालं, नव्या रंगात चकचकीत. रंगच मला खटकला. विकणाऱ्याने हेड काढू दिलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलेंडरमधल्या एक्झॉस्ट सीटपासून, म्हणजे व्हॉल्व्ह टेकतो त्या कडेपासून, बोअरपर्यंत बारीक रेघ होती आणि बाहेरून वॉटर जॅकेटवर, म्हणजे पाणी खेळतं त्या कप्प्यावर, गॅस वेल्डिंग करून पुट्टी भरलेली. या इंजिनाचं दुखणं नेमकं इथेच असतं. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असल्याने जळालेल्या वायूची सगळी उष्णता ब्लॉकच्या पोटातून जाते. पाणी कमी पडलं, जॅकेटमध्ये गाळ बसला, की सीटपाशी तडा जातो. हेडला तडा गेला तर हेड बदलता येतं. ब्लॉकला गेला तर इंजिनच गेलं.

दुसरं एक इंजिन सगळ्या बाजूंनी चांगलं होतं, फक्त नंबरची जागा घासून गुळगुळीत केली होती. या इंजिनांचा नंबर ब्लॉकच्या पुढच्या बाजूला, वॉटर पंप बसतो तिथल्या उंचवट्यावर ठोकलेला असतो. विकणारा म्हणाला, तुमचा जुना नंबर आम्ही ठोकून देतो, आरसीशी जुळेल. नानांना क्षणभर मोह झाला, हे ते स्वतःच सांगतात. मी साफ नकार दिला. नंबर घासलेलं इंजिन चोरीचं असू शकतं, आणि त्यावर दुसऱ्या इंजिनाचा नंबर ठोकणं हा गुन्हा आहे. ज्या वडिलांनी १९८४ मध्ये साधा बदलसुद्धा लाल शाईने नोंदवून घेतला, त्यांच्या जीपमध्ये हे शोभलं नसतं.

इंजिन शेवटी सापडलं ते नंदुरबारकडे, धुळ्याहून दोन-अडीच तासांवर. एका तंत्रशिक्षण संस्थेत मोटार मेकॅनिकच्या मुलांना शिकवण्यासाठी एफ-१३४ स्टँडवर ठेवलेलं होतं. अभ्यासक्रमात नवी इंजिनं आली तसं ते निर्लेखित होऊन लिलावात गेलं. घेणाऱ्या भंगारवाल्याने ते फोडलं नव्हतं, कारण मुलांनी ते इतक्या वेळा उघडून जोडलं होतं की त्याला ते 'चालू' वाटत होतं. त्याच्याकडे लिलावाची पावती होती आणि पावतीवर इंजिन नंबर. मी फोनवर नंबर वाचून घेतला, दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन ब्लॉकवरचा नंबर ताडून पाहिला. अक्षर न् अक्षर जुळला.

तपासणी आणि सौदा

शिकवणीचं इंजिन घेताना दोन गोष्टी एकमेकींविरुद्ध जातात. ते फार चाललेलं नसतं, म्हणून झीज कमी. पण ते उभं असतं, म्हणून गंज. ज्या सिलेंडरचा व्हॉल्व्ह उघडा राहिला त्यात दमट हवा वर्षानुवर्षं जात राहते. इथे तिसऱ्या सिलेंडरमध्ये पिस्टन थांबला होता त्या उंचीवर गंजाचं कडं पडलं होतं. बाकी तीन बोअर आरशासारखे.

ब्लॉकची तपासणी मी विकत घेण्याआधी केली. भंगारवाल्याला पाच हजार अनामत दिली, पावती केली आणि ब्लॉक धुळ्याला आणला. तो आधी केमिकलमध्ये उकळून घेतला, मग सगळ्या सीटभोवती लाल डाय मारून, पुसून, वरून पांढरी पावडर फवारली. तडा असेल तर लाल रेघ उमटते. उमटली नाही. नंतर पाण्याच्या वाटा बंद करून दाबाखाली पाणी भरलं आणि रात्रभर ठेवलं. सकाळी वर्कशॉप उघडताना माझी छाती धडधडत होती. ब्लॉक कोरडा होता.

सौदा बत्तीस हजारांत झाला. इथे माझ्या हातून एक गोष्ट निसटली. मी हेड, ब्लॉक, क्रँक, कॅम, मॅनिफोल्ड सगळं मोजून घेतलं, पण पुढची माउंटिंग प्लेट पाहिली नाही. विलीजच्या या इंजिनांना पुढे जाड पत्र्याची प्लेट असते, तिच्या दोन कानांवर इंजिन चेसिसला टेकतं. मागचा भार गिअरबॉक्सखालच्या माउंटवर. संस्थेच्या स्टँडसाठी ती प्लेट काढून साधे ब्रॅकेट लावले होते. फ्लायव्हील होतं, बेल हाउसिंग नव्हतं. जीपमधलं बेल हाउसिंग अ‍ॅडॅप्टरसाठी छिद्रं पाडून बिघडवलेलं. हे दोन भाग मिळवायला आणखी अडीच महिने आणि अकरा हजार रुपये गेले. भंगारवाल्याकडे उभा असतानाच यादी हातात हवी होती: पुढची प्लेट, बेल हाउसिंग, फ्लायव्हील, क्रँक पुली, डायनमोचा ब्रॅकेट, ऑइलवाला एअर क्लीनर. फ्लायव्हीलच्या रिंगचे दातसुद्धा मोजून घ्यावे लागतात, कारण ६ व्होल्ट आणि १२ व्होल्टच्या सेल्फसाठी रिंग वेगळी असते.

कागद

इंजिन बदलायचं तर मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ खाली परिवहन कार्यालयाची परवानगी आधी घ्यायची असते. आम्ही ती बांधणी सुरू करण्याआधीच मागितली. अर्जासोबत जुनं आरसी पुस्तक, लिलावाची पावती, भंगारवाल्याची विक्री पावती आणि इंजिन नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासून काढलेली छाप. इंधन डिझेलवरून पेट्रोल होत असल्याने निरीक्षकांनी जीप तयार झाल्यावर तपासणीला आणायला सांगितलं. पहिल्या पानावरचा मूळ 'पेट्रोल' हा शब्द तिथे आमचा सर्वांत मोठा पुरावा ठरला.

व्हिंटेज नोंदणीचा निर्णय मात्र नानांनी पुढे ढकलला, आणि तो मला योग्य वाटला. नव्या नोंदणीचं शुल्क वीस हजार, मुदत दहा वर्षं, पुढच्या नूतनीकरणाला पाच हजार. जुना नंबरही कायम ठेवता येतो. पैशांची अडचण नव्हती. अडचण वापराची होती. अशा नोंदणीवर वाहन प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणं, देखभाल एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येतं. रोजच्या वापराला बंदी. नानांना दर आठवड्याला जीप घेऊन शेतात जायचं आहे. ज्या नियमामुळे हा विषय निघाला तो नियम त्यांनी शेवटी बाजूला ठेवला आणि नेहमीची नोंदणीच चालू ठेवली.

बांधणी

बोअर ३० थाऊ (एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) वाढवून पाहिला, तिसऱ्या सिलेंडरमधलं कडं गेलं नाही. ४० थाऊवर गेलं. एका सिलेंडरला स्लीव्ह (आतून नळी) घालून बाकीचे जपावेत असाही विचार होता. पण चार पिस्टन एका मापाचे असावेत म्हणून चारही ४० थाऊ केले. त्या मापाचे पिस्टन दिल्लीच्या काश्मीरी गेट बाजारातून आले.

शिशाचं पेट्रोल फेब्रुवारी २००० पासून देशभर बंद झालं. जुन्या इंजिनांत ते शिसं एक्झॉस्ट सीटला उशीसारखं काम द्यायचं. म्हणून चारही एक्झॉस्ट सीट नव्या, कडक धातूच्या बसवल्या. पेट्रोलमध्ये आता इथेनॉल आहे, त्याने जुनं रबर फुगतं आणि चिरतं. पंपाचा डायाफ्राम आणि पेट्रोलच्या नळ्या त्याला टिकणाऱ्या घेतल्या. बाहेरून काहीही वेगळं दिसत नाही, आणि इंजिन जगवण्यासाठी आतला एवढा बदल मी मान्य करतो.

चेसिसवरचे उडवलेले माउंट परत कुठे बसवायचे, हे दुसऱ्या जीपवरून घेतलं. दोंडाईच्याकडे एक न छेडलेली सीजे-३बी होती; मालकांनी दिवसभर जीप आमच्या हवाली केली. पुढच्या क्रॉस मेंबरपासून, पाट्याच्या शॅकलपासून आणि दोन्ही चेसिस पट्ट्यांपासून मापं घेतली, पत्र्याचा साचा कापला आणि त्यावर नवे माउंट बेतले. तडा गेलेला क्रॉस मेंबर आधी सरळ केला, मगच वेल्डिंग. क्रम उलटा झाला असता तर वाकडेपणा कायमचा आत राहिला असता.

टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्हची, फट थंड इंजिनावर, इनटेक १८ थाऊ, एक्झॉस्ट १६ थाऊ. फेब्रुवारी २०२३ मध्ये पहिल्यांदा इंजिन पेटलं. नानांच्या आई व्हिडिओ कॉलवर ऐकत होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, फोन कानाला लावून तशाच बसून राहिल्या.

रस्त्यावर

पाचशे किलोमीटरनंतर हेड पुन्हा आवळायला जीप आली. ते काम माझ्या देखरेखीखाली झालं, आणि चूकही माझीच. एफ-१३४ च्या हेडचा एक बोल्ट कार्बोरेटरखाली लपलेला असतो. कार्बोरेटर काढल्याशिवाय दिसत नाही. आम्ही बाकी सगळे बोल्ट ६० ते ७० फूट-पाउंडांच्या मापात आवळले आणि हा राहिला. बांधणीच्या वेळी तो मी स्वतः आवळला होता, आणि तरीही दुसऱ्या खेपेला विसरलो. दोन आठवड्यांत मधल्या दोन सिलेंडरांच्या मध्ये गॅस्केट फुटलं. नुकसान गॅस्केटपुरतंच झालं, कारण नानांनी आवाज बदलताच इंजिन बंद केलं. आता वर्कशॉपच्या भिंतीवर त्या हेडचं चित्र काढून तो बोल्ट लाल रंगवला आहे.

एप्रिलमध्ये लळिंगच्या चढावर जीप बंद पडली. बाहेर ४३ अंश. पेट्रोलची नळी एक्झॉस्टच्या फार जवळून गेली होती. नळीतच पेट्रोलची वाफ होऊन पंपाला ओढता येत नव्हतं. नळी लांबून फिरवली, मध्ये पत्र्याची ढाल लावली. मे महिन्यात तोच चढ दोनदा चढून पाहिला, बंद पडली नाही.

पण चढताना ती दमत होती. दुसऱ्या गिअरमध्ये जिथे आरामात जायला हवी तिथे पहिला मागत होती. मी आधी कार्बोरेटर, मग टायमिंग, मग कॉम्प्रेशन तपासलं, सगळं ठीक. शेवटी मागची दोन्ही चाकं उचलून, ती एक फेरा फिरवताना चाकांना फिरवणारा प्रोपेलर शाफ्ट किती फेरे घेतो ते मोजलं. विलीजच्या मूळ क्राउन-पिनियनमध्ये, म्हणजे चाकांच्या आसातल्या दातेरी जोडीत, ४३ आणि ८ दात, म्हणजे जवळजवळ ५.३८ फेरे यायला हवेत. आले पाचाच्याही आत. १९८४ मध्ये डिझेलच्या कमी फेऱ्यांना जुळावं म्हणून पुढचा-मागचा दोन्हीकडचा क्राउन-पिनियन बदलला होता. ही नोंद आरसीत नव्हती, आणि कुणाच्या आठवणीतही नव्हती.

वेगळं काय करता आलं असतं

हे मोजमाप दहा मिनिटांचं आहे आणि ते इंजिन शोधण्याच्या पहिल्या दिवशी व्हायला हवं होतं. मी इंजिनाच्या मागे इतका लागलो की अदलाबदलीत इंजिनासोबत आणखी काय बदललं असेल हे विचारलंच नाही. वृद्ध मिस्त्रींच्या समोर तासभर बसलो होतो. तेव्हा एक प्रश्न विचारला असता तर त्यांनी सांगितलं असतं. आता ते हयात नाहीत.

वही पहिल्या फोनच्या आधी लिहायला हवी होती. पहिला महिना वाया गेला तो तिच्याअभावी.

खर्च अंदाजाबाहेर गेला. इंजिन बत्तीस हजारांचं, पण राहिलेले भाग, मशीनिंग, चेसिसचं काम धरून एकूण एक लाख साठ हजारांच्या पुढे. मी नानांना सुरुवातीला एक लाख सांगितले होते. इंजिनाच्या किमतीवर आणखी तिच्या तिप्पट-चौपट बाजूला ठेवा, असं मी आता येणाऱ्या प्रत्येकाला आधीच सांगतो. त्यातले काही तिथूनच परत जातात, आणि त्यांचा निर्णय मी चुकीचा मानत नाही.

आजची स्थिती

तपासणी होऊन आरसीवर नवा इंजिन नंबर आणि 'पेट्रोल' चढलं आहे. डिझेल इंजिन खळ्यात स्टँडवर आहे. नानांचा मुलगा महिन्यातून एकदा ते चालू करतो. जीप दर रविवारी शेतात जाते.

मागच्या हाउसिंगसाठी ४३-८ चा क्राउन-पिनियन संच चाळीसगावकडे मिळाला, तो माझ्या कपाटात तेल लावून, कागदात गुंडाळून ठेवला आहे. पुढचा अजून मिळालेला नाही. मागचा एकटा बसवला तर रोजच्या रस्त्यावर जीप हलकी होईल, पण पावसाळ्यात काळ्या मातीत कुणी फोर बाय फोर टाकलं तर पुढची आणि मागची चाकं वेगवेगळ्या हिशोबाने फिरू पाहतील आणि भार ट्रान्स्फर केसवर, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीवर, येईल. म्हणून पुढचा संच हाती येईपर्यंत मागचाही बसवायचा नाही, असं नानांनी आणि मी ठरवलं आहे.